ताणा मागाचा, बाणा मानेचा

हातमागाचा स्टोल घ्यायला गेलेलं माणूस आधी विचारतं, "हा कशाचा?" उत्तर एका शब्दात येतं: सिल्कचा, कॉटनचा, पश्मिना, लिनन, आणि अलीकडे बांबूचा. त्या एका शब्दावर किंमत पटते किंवा पटत नाही. कापड मात्र एका सुताचं नसतं. मागावर लांबीला ताणून बांधलेला ताणा आणि धोट्यातून आडवा जाणारा बाणा अशी दोन सुतं प्रत्येक कापडात असतात, आणि त्यांच्या वाट्याला येणारी कामं इतकी वेगळी आहेत की एकाचा गुण दुसऱ्यात दोष ठरावा. महेश्वर, विदर्भातला टसरचा पट्टा, कच्छमधलं भुजोडी इथल्या मागांकडे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ताण्याला माग सोसायचा असतो आणि बाण्याला मान सांभाळायची असते. ही दोन कामं वेगळी धरून ज्यानं दोन सुतं निवडली, त्याचा स्टोल गळ्यात नीट पडतो आणि टिकतो. दुकानातला एका शब्दाचा प्रश्न ही निवड झाकून टाकतो.

साडीबाबत हे एवढं जाणवत नाही. साडीला निऱ्या असतात, काठाचं वजन असतं, आतून परकराचा आधार असतो, आणि तिचा बराच भाग त्वचेला लागतही नाही. स्टोलला शिवण नाही, अस्तर नाही. तो चुरगळतो, पिळला जातो, गाठ मारून बांधला जातो, दोन्ही बाजूंनी दिसतो, आणि मानेच्या सर्वांत हळव्या त्वचेवर तासन् तास राहतो. सुताची निवड चुकली तर ती लपवायला त्याच्याकडे जागाच नाही.

फणीच्या दातांतून

ताण्याचं आयुष्य कठीण असतं. कापड होण्याआधी प्रत्येक उभा धागा फणीच्या दातांमधून ओवलेला असतो, आणि दर बाण्याला फणी पुढे येऊन ठोका देते. फणी पाच इंच मागेपुढे फिरत असेल आणि इंचाला ४८ बाणे पडत असतील, तर ताण्याचा प्रत्येक बिंदू कापडात बसण्यापूर्वी सुमारे २४० वेळा त्या घासणीतून जातो. शिवाय पावडी दाबली की निम्मे धागे वर, निम्मे खाली असा ताण प्रत्येक वेळी बसतो तो वेगळाच. म्हणून ताण्याचं सूत घट्ट पिळाचं, गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीचं लागतं. जाड-बारीक सूत बारीक जागी तुटतं, आणि केसाळ सुताचे तंतू शेजारच्या धाग्यांत गुंतून धोट्याची वाट अडवतात. त्यावर उपाय म्हणून खळ लावतात. आपल्याकडे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ, कच्छमध्ये गव्हाच्या पिठात रानकांदा घालून केलेली, काश्मिरात तांदळाची. साहित्य जागोजागी बदललं तरी हेतू तोच, सुटे तंतू सुताला चिकटवून टाकायचे.

बाण्याला यातलं जवळजवळ काहीच सोसावं लागत नाही. कांडीवरून सुटायचं, धोट्याबरोबर एकदा इकडून तिकडे जायचं, फणीचा ठोका खाऊन जागेवर बसायचं. म्हणून बाणा सैल पिळाचा चालतो, गाठाळ चालतो, पीळच नसलेला असाही चालतो. जे सूत ताण्यात तासाभरात विणकराला रडवेल, ते बाण्यात सुखानं नांदतं. आणि कापडाला मऊपणा येतो तो बहुतांशी सैल पिळातून, कारण पीळ जितका कमी तितके तंतू मोकळे आणि तितका स्पर्श कोवळा. मागाला हवं ते घट्ट सूत आणि मानेला हवं ते सैल सूत, हा झगडा सोडवण्याची सोय मागाच्या रचनेतच आहे, तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

महेश्वर आणि चंदेरी

याचं सर्वांत सुरेख उदाहरण मराठी माणसाला जवळच्या गावी आहे. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदाकाठच्या महेश्वरला राजधानी केली आणि तिथल्या विणकामाला आश्रय दिला. पुढे ओहोटी लागलेल्या या मागांना १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्याच पुढाकारानं उभ्या राहिलेल्या रेहवा सोसायटीनं पुन्हा काम मिळवून दिलं, आणि त्यात बायकांचे हात मोठ्या संख्येनं आले. मूळची महेश्वरी सुती होती. आज तिथे जे कापड सर्वाधिक ओळखीचं आहे त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. रेशीम बंगळुरूकडून, बारीक सूत कोईमतूरकडून येतं आणि दोन्हींची गाठ महेश्वरच्या मागावर पडते.

रेशीम ताण्यातच का, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे. कापसाचा तंतू दोन-अडीच-तीन सेंटिमीटरचा, हजारो तुकडे पिळून एकत्र धरलेले. रेशमाचा तंतू कोशातून अखंड, शेकडो मीटर निघतो. त्यामुळे तो अतिशय बारीक असूनही मागाचा ताण सोसतो आणि केसाळ होऊन शेजाऱ्यात अडकत नाही. महेश्वरला २०/२२ डेनियरचं, म्हणजे ९,००० मीटर लांबीला जेमतेम २०-२२ ग्रॅम भरणारं रेशीम ताण्याला वापरतात. तेवढ्या बारीक सुती धाग्याचा ताणा मागावर टिकणं फार कठीण. बाण्यात ८० ते १२० नंबरचं सूत आलं की कापडाला घाम शोषण्याची ताकद आणि सुती स्पर्श मिळतो. चमक आणि बळ ताण्याचं, थंडावा बाण्याचं. या कापडाचा स्टोल उन्हाळ्यातही गळ्यात नकोसा होत नाही.

आता चंदेरी पाहा. मध्य प्रदेशातलंच गाव, तिथेही रेशमी ताणा आणि सुती बाणा चालतो. पण चंदेरीच्या ताण्यातलं रेशीम पारंपरिक पद्धतीत डिंक न काढता वापरतात. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो, वजनाच्या पाव-पाचव्या हिश्शाइतका. तो उकळून काढला की रेशीम मऊ आणि लोळतं होतं, ठेवला तर कापड कडक, पारदर्शक आणि करकरीत राहतं. चंदेरी साडीचं सगळं सौंदर्य त्या करकरीतपणात आहे. मात्र त्याच कापडाचा स्टोल मानेभोवती गुंडाळला की तो फुगून उभा राहतो, पडत नाही. दोन्ही ठिकाणी दुकानदार "सिल्क-कॉटन" असंच सांगेल आणि खरंच सांगेल. तरीही एक कापड गळ्यासाठी झालेलं आहे आणि दुसरं खांद्यावरून सोडण्यासाठी. नुसती सुताची जात कळून निवड होत नाही, हे अशा ठिकाणी कळतं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू याच्या उलट वाटेनं जातो. तिथे ताणा सुताचा आणि नक्षी उठवणारा बाणा रेशमाचा. भरजरी शालीसाठी आणि शेल्यासाठी ही योजना उत्तम, पण नक्षीचे मोकळे धागे मागच्या बाजूला लांब तरंगत राहतात. स्टोल दोन्ही बाजूंनी वापरायचा असतो, आणि मंगळसूत्र, कानातलं, घड्याळाचा पट्टा यांत हे तरंगते धागे अडकतात. हिमरूचा स्टोल घ्यावाच, पण नक्षी लहान आणि मागचे धागे आखूड आहेत ना, हे उलटून पाहून.

नंबर वाढला की काय वाढतं

सुती धाग्याची जाडी नंबरानं सांगतात, खादीवाले त्याला अंक म्हणतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतील तितका नंबर. नंबर मोठा तर सूत बारीक. २/२० म्हणजे २० नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, त्याची जाडी १० नंबराइतकी. २/८०ची ४० नंबराइतकी. ग्राहकाच्या मनात बारीक म्हणजे भारी हे समीकरण पक्कं असतं, आणि विक्रेतेही ते जोपासतात.

हिशोब करून पाहू. २८ इंच रुंद आणि ८० इंच लांब असा नेहमीचा स्टोल घ्या. २/२० सुतात इंचाला २४ ताणे आणि २४ बाणे धरले तर झालर आणि मागावर वाया जाणारी लांबी मिळून सुमारे ३,१०० मीटर सूत लागतं, वजन भरतं १८५ ग्रॅमच्या आसपास, आणि धोटा १,९२० वेळा फेकावा लागतो. तोच स्टोल २/८० सुतात, इंचाला ४८ ताणे आणि ४८ बाणे घालून केला, तर सूत लागतं सव्वासहा हजार मीटर, वजन निम्म्यावर येतं, नव्वद-पंचाण्णव ग्रॅम, आणि धोट्याच्या फेऱ्या होतात ३,८४०. शिवाय फणीत ओवायचे धागे ६७२चे १,३४४ होतात. सूत बारीक करण्याचा निर्णय हा विणकराच्या दुप्पट दिवसांचा निर्णय असतो. त्या दिवसांचे पैसे मिळत असतील तर बारीक सूत जरूर घ्यावं. बाजार स्टोलचा दर आधी ठरवतो आणि सूत नंतर, तिथे हा फरक विणणाऱ्याच्या मजुरीतून जातो.

आणि जाड सुताचा स्टोल मऊ पडत नाही, हेही खरं नाही. कापडाचं पडणं जाडीइतकंच मोकळिकीवर अवलंबून असतं. धाग्यांना एकमेकांजवळून सरकायला जागा असेल तर १० नंबराचं सूतही लोळतं, आणि दाबून ठोकलं तर ४० नंबराचंही पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. विणकर एक सोपी चाचणी करतात. फूटपट्टीवर एक इंचाच्या जागेत सूत शेजारी शेजारी, न दाबता गुंडाळायचं आणि वेढे मोजायचे. साध्या विणीत त्याच्या निम्मे धागे इंचात घातले तर कापड घट्ट, अंगरख्याजोगं होतं. स्टोलसाठी त्याहूनही बरेच कमी घालावेत. फणीचा नंबर बदलायला सुताच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही, तरीही सूत बदललं आणि फणी तीच राहिली, ही चूक जागोजागी दिसते. घरात एकच फणी असलेल्या विणकराला दुसरा मार्गही नसतो, आणि तेव्हा सूत फणीला शोभेल असं निवडणं हाच शहाणपणा.

मानेचं म्हणणं

लोकरीच्या बाबतीत मान फार स्पष्ट बोलते. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या वर गेली की त्याचं टोक वाकत नाही, त्वचेत रुततं. अशा तंतूंचं प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असलं तरी लोकर टोचते. मेरिनो लोकर साधारण १८ ते २३ मायक्रॉन, काश्मीर-लडाखच्या चांगथांगी शेळीची पश्म १२ ते १६. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर या मर्यादेच्या बरीच पलीकडची आहे. गेल्या काही वर्षांत धनगर-सणगरांच्या हातांना काम मिळावं म्हणून दख्खनी लोकरीचे स्टोल काढण्याचे प्रयत्न होतात, त्यामागची कळकळ मोलाची आहे. पण मानेला सहन न होणारी वस्तू लोक एकदाच घेतात, आणि पुढच्या खेपेला घोंगडीकडेही वळत नाहीत. कोकराची पहिली कातरणी, जावळ, ही या लोकरीतली सर्वांत मऊ. ती वेगळी ठेवून, सुती किंवा टसरच्या ताण्यावर बाणा म्हणून घातली तर निदान खांद्यावर घ्यायच्या शालीला ती शोभते. उरलेल्या लोकरीचं खरं घर घोंगडी, जेन आणि सतरंजी हेच आहे, आणि तिथे तिची बरोबरी मेरिनो करू शकत नाही.

मानेचं दुसरं म्हणणं घामाबद्दल. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोकं, तोंड, मान घट्ट बांधून निघतात, तो स्कार्फ रोज धुतला जातो, त्यातून श्वास घ्यायचा असतो आणि त्याची गाठ वाऱ्यात सुटता कामा नये. इथे रेशीम घसरतं, ॲक्रिलिक घाम शोषत नाही, व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ स्टोल बहुतेक व्हिस्कोजचेच असतात, बांबूचा लगदा करून रसायनांतून ओढलेला तंतू. प्रवासात, कार्यक्रमात घ्यायला ते चांगले, रोजच्या धुण्याला नव्हेत. या कामासाठी दोनपदरी सुती ताणा आणि एकपदरी, सैल पिळाचा सुती बाणा याला पर्याय नाही. एवढी मोठी रोजची गरज समोर असून हातमागाच्या दुकानांत या मापाचा, या वापराचा स्कार्फ क्वचितच दिसतो. तिथे मांडलेले असतात ते भेट द्यायचे स्टोल.

घिचा आणि काला कॉटन

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात, त्यात ढिवर समाजाची पिढ्यांची मेहनत आहे. टसरचा कोश टणक, त्याचा तंतू तुतीच्या रेशमाहून कितीतरी जाड आणि चपटा. चांगल्या कोशातून अखंड धागा निघतो. भोक पडलेले, पतंग बाहेर पडून गेलेले किंवा उलगडत नसलेले कोश उरतात, त्यांतून हातानं ओढून काढलेलं सूत म्हणजे घिचा. त्याला पीळ नसतो, कुठे जाड कुठे बारीक, मधेच गाठ, रंग मधासारखा आणि तोही सारखा नसलेला. ताण्यात घिचा घालणं म्हणजे दर वितीला तुटलेला धागा जोडत बसणं. बाण्यात मात्र त्याचे सगळे दोष रूप घेतात. पीळ नसल्यामुळे कापड मऊ येतं, गाठींमुळे पोत येतो, आणि जाडी जास्त असल्यामुळे इंचाला बाणे कमी लागतात, म्हणजे विणणाऱ्याचा वेळ वाचतो. करवतकाठीच्या साडीसाठी जे सूत गैरसोयीचं, तेच स्टोलला वरदान.

भागलपूरच्या मागांवर घिच्याच्या बाण्याखाली अनेकदा चीनहून आलेल्या टसरचा ताणा असतो. देशी टसरचा धागा एकसारखा आणि पुरेसा मिळत नाही, म्हणून विणकर ते करतो. मागणी असेल तर विदर्भातला टसर त्या जागी का नको, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ताण्याची अट भागवायची असेल तर सुधारित रीळिंग यंत्रावर काढलेलं सूत हवं. मांडीवर घासून धागा काढण्याची जुनी रीत बायकांच्या त्वचेला जखमा करते आणि धागाही असमान देते, त्यामुळे ती जाण्यात दोन्हीकडून भलंच आहे. तोपर्यंत घिच्याच्या बाण्याला साध्या तुतीच्या रेशमाचा ताणा देण्यात कमीपणा नाही.

कच्छच्या काला कॉटनची गोष्टही अशीच. हा जुना देशी कापूस पावसाच्या पाण्यावर येतो, खत-फवारणी फारशी मागत नाही, पण त्याचा तंतू आखूड. मोठ्या गिरण्यांची यंत्रं लांब धाग्याच्या कापसाला सोयीची, म्हणून हा कापूस बाजूला पडला होता. कच्छमधल्या मोठ्या भूकंपानंतर कुकमा इथे उभ्या राहिलेल्या 'खमीर' संस्थेनं शेतकरी, सूतकताई आणि भुजोडीसारख्या गावांतले वणकर यांची साखळी जोडली. आखूड तंतूला एकत्र धरायचं तर पीळ जास्त द्यावा लागतो, आणि पीळ जास्त म्हणजे सूत कडक. वणकरांनी त्यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे: ताण्याला भरपूर खळ, बाण्याला जाड आणि सैल सूत, विणही मोकळी. हा स्टोल नवा असताना थोडा खरखरीत लागतो आणि धुण्यागणिक मऊ होत जातो. एवढं सांगून विकला तर गिऱ्हाईक धीर धरतं.

शुद्धतेचा आग्रह

दोन सुतांच्या या मांडणीवर पहिला आक्षेप शुद्धतेचा. मिश्रण म्हणजे भेसळ, आणि "शंभर टक्के" हाच खरा माल. शंका निराधार नाही, कारण बाजारात पश्मिना म्हणून ॲक्रिलिक आणि रेशीम म्हणून पॉलिस्टर सर्रास विकलं जातं. झालरीतला एक धागा जाळून पाहिला तर लोकर आणि रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, सूत कागदासारखं जळतं, कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. ही फसवणूक आहे आणि तिला फसवणूकच म्हणावं. पण न सांगता केलेलं मिश्रण आणि विचार करून केलेली ताण्या-बाण्याची जोडी यांत फरक आहे. नेपाळमध्ये रेशमी ताण्यावर पश्मचा बाणा घालून स्टोल विणतात. ते कापड अस्सल पश्मिन्याहून वेगळं, पण बाणा जाड ठेवला तर मानेला पश्म लागते आणि मागाला रेशमाचं बळ मिळतं.

कुणी म्हणेल, काश्मीरची अस्सल शाल तर ताणा-बाणा दोन्ही पश्मचीच असते, मग हा सिद्धांत तिथे कोलमडतो. त्या शालीला हे कसं जमतं ते पाहावं. सूत हातानं कातून दोनपदरी करतात, ताण्याला तांदळाची खळ देतात, माग हलक्या हातानं चालवतात. यंत्रावर पश्म कातायची तर आखूड तंतू टिकत नाही, म्हणून त्यात नायलॉन मिसळून नंतर आम्लानं विरघळवण्याची रीत आली, आणि त्यात तंतू दुबळा होतो. एकच सूत दोन्हीकडे वापरण्याची किंमत इथे वेळेनं आणि कौशल्यानं चुकवलेली आहे. ज्या मागावर तेवढा वेळ आणि तेवढा दर नाही, तिथे तोच आग्रह धरला की घाई होते, आणि घाईत विणलेली शुद्ध वस्तू गळ्यात दोन हिवाळेही काढत नाही.

खादीचा आक्षेप याहून वजनदार आहे. कातणाऱ्याच्या हाताला काम मिळावं म्हणून दोन्ही सुतं हातकताईचीच हवीत, हे म्हणणं अर्थव्यवस्थेचं आहे, स्पर्शाचं नाही, आणि त्याचा मान राखायलाच हवा. तिथेही एकाच सुताचा हट्ट लागत नाही. अंबर चरख्यावरचं समान, घट्ट सूत ताण्याला आणि साध्या चरख्यावरचं कोवळं सूत बाण्याला ठेवलं, तर तत्त्वही राहतं आणि कापडही सुधारतं.

उरला आकसण्याचा प्रश्न. वेगळी सुतं धुतल्यावर वेगळी आकसतात, मग कापड वेडंवाकडं होणार नाही का? ताणा एक आणि बाणा दुसरा असेल तर एक लांबीत आकसतो, दुसरा रुंदीत, कापड सपाटच राहतं, माप तेवढं बदलतं. सुरकुत्या येतात त्या एकाच दिशेला दोन जातींची सुतं शेजारी शेजारी पट्ट्यांत घातली की. म्हणून पट्टेदार स्टोल करताना हातभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून पाहणं टाळू नये. नमुन्याला लागणारं सूत वाया जात नाही.

लडी, कोन आणि लेबल

या सगळ्यात विणकराला निवड करायला मिळते का, हाही प्रश्न आहे. हातमागाला सूत लडीत लागतं, यंत्रमागाला कोनवर. लडी बांधणं गिरणीला परवडत नाही, म्हणून देशांतर्गत विक्रीच्या सुतातला ठरावीक हिस्सा लडीतच बांधण्याची सक्ती सरकारनं घातली. तो हिस्सा २००३ मध्ये ५० टक्क्यांवरून ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्क्यांवर आणला गेला. १९८३ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ सूत पुरवतं, पण पाच-दहा स्टोलांचा ताणा करणाऱ्याला दोन किलो या नंबराचं, तीन किलो त्या पिळाचं असं सूत हवं असतं. घाऊक पुरवठ्यात ही गरज बसत नाही, आणि मग व्यापारी देईल ते सूत दोन्हीकडे वापरलं जातं. सुताच्या लहान पेढ्या, जिथे नंबर, पीळ आणि पदर पाहून किलोभर लडी घेता येतील, त्या हातमागाच्या गावांत निघाल्या तर विणकराच्या हातात निवड परत येईल.

आणि ग्राहकापर्यंत ही निवड पोचवायची तर लेबल बदलावं लागेल. २००४ पासूनचा सिल्क मार्क रेशीम खरं असल्याचं सांगतो, २००६ पासूनचा हँडलूम मार्क कापड हातमागाचं असल्याचं, आणि २०१५ मध्ये आलेला इंडिया हँडलूम ब्रँड दर्जाची हमी देतो. तिन्ही आवश्यक आहेत. त्यांच्या शेजारी दोन ओळींची जागा लागेल: ताणा, रेशीम २०/२२, डिंक काढलेलं; बाणा, सूत १०० नंबर, एकपदरी. लोकांना हे कळणार नाही, असं दुकानदार म्हणतात. साडीच्या काठावरून पदर ओळखणाऱ्या, तांदळाच्या दाण्यावरून जुना-नवा सांगणाऱ्या ग्राहकाला एवढं शिकायला दोन दिवाळ्या पुरतील.